१४ बाय १६ फूट : होमस्टेडचं लाकडी घर आणि त्याची डागडुजी

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात बिॲट्रिस गावाजवळ ओंडक्यांचं एक घर उभं आहे. १४ बाय १६ फूट, म्हणजे २२४ चौरस फूट. जॉर्ज पामर नावाच्या शेतकऱ्यानं ते १८६७ मध्ये बांधलं. मिश्र जातीचं टणक लाकूड आणि घरी पाडलेल्या विटा वापरल्या. नवरा-बायको आणि दहा मुलं असा बारा माणसांचा संसार या घरात झाला. मुंबईकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. १८७५ ते १८८० च्या दरम्यान कधीतरी मागच्या बाजूला १० बाय १२ फुटांची पडवी काढली गेली. पामर कुटुंब १८९५ पर्यंत तिथे होतं. पुढे हे घर त्यांच्या भाच्या-पुतण्यांकडे आणि मग एपर्ड कुटुंबाकडे गेलं. एपर्ड मंडळी जवळपास चाळीस वर्षं त्यात राहिली. म्हणून आज त्याला ‘पामर-एपर्ड केबिन’ म्हणतात. १९५० च्या सुमारास ते मूळ जागेवरून उचलून सध्याच्या ठिकाणी, म्हणजे आताच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात, आणलं गेलं.

अशी जुनी घरं ‘पूर्ववत’ करतात असं आपण वाचतो. पण कोणत्या वर्षासारखं पूर्ववत? १८६७ सारखं करायचं तर पडवी पाडावी लागेल. पडवी ठेवायची तर ते पामरनं पहिल्यांदा बांधलेलं घर उरत नाही. डागडुजीतली खरी डोकेदुखी ही आहे. लाकूड कुजतं, त्याला औषध आहे. या प्रश्नाला मात्र दर वेळी नव्यानं उत्तर शोधावं लागतं. तिथवर जाण्याआधी हे उद्यान ज्या कायद्याच्या आठवणीत उभं आहे तो कायदा आणि या घरांची बांधणी समजून घेऊ.

अब्राहम लिंकननं २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती, जी अमेरिकेची नागरिक आहे किंवा व्हायचा इरादा जाहीर करते आणि जिनं देशाविरुद्ध शस्त्र उचललेलं नाही, तिनं सरकारी जमिनीपैकी १६० एकरांपर्यंत दावा करायचा. अविवाहित आणि विधवा स्त्रियांनाही दावा करता येत असे. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि मग दोन साक्षीदार घेऊन जमीन कचेरीत जायचं, की जमीन आपल्या नावावर. सगळी फी मिळून १८ डॉलर. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरायचे आणि जमीन मोकळी करून घ्यायची, अशी पळवाटही होती.

या सगळ्यात घर म्हणजे पुरावा. शेवटच्या जबानीत दावेदाराला आणि साक्षीदारांना घर केवढं आहे, विहीर आहे का, किती एकर नांगरले, हे सांगावं लागे. घर दिसलं म्हणजे माणूस खरंच राहतोय असं धरलं जाई. साहजिकच लबाड्याही झाल्या. चाकांवर बसवलेली खोली या दाव्यावरून त्या दाव्यावर भाड्यानं फिरवल्याच्या आणि ‘बारा बाय चौदा’चं घर असल्याची शपथ घेऊन प्रत्यक्षात बारा बाय चौदा इंचांचं खोकं ठेवल्याच्या गोष्टी तिकडे आजही सांगितल्या जातात. गोष्टी रंगवलेल्या असतील, पण त्या का जन्मल्या हे कळतं. लोक रोमँटिक स्वप्नासाठी घर बांधत नव्हते, सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून बांधत होते. पाच वर्षं टिकलं तरी पुष्कळ. त्यातलं एखादं दीडशे वर्षं उभं राहील आणि त्याची निगा राखायला सरकारी खातं नेमलं जाईल, हे बांधणाऱ्याच्या डोक्यातही नसणार.

उद्यानाची जमीन डॅनियल फ्रीमनच्या दाव्याची. कायदा लागू झाला त्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, ब्राउनव्हिलच्या कचेरीत त्यानं अर्ज दाखल केला. नववर्षाच्या आदल्या रात्री कारकुनाला गाठून मध्यरात्रीनंतर लगेच कचेरी उघडायला लावली, अशी आख्यायिका आहे. १९३६ मध्ये संसदेनं त्याची जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. फ्रीमनचं स्वतःचं ओंडक्यांचं घर मात्र उरलेलं नाही. म्हणूनच त्या काळच्या बांधणीचा नमुना म्हणून पामरचं घर तिथे आणलं गेलं. या वाक्यापाशी जरा थांबायला हवं. पाहुणे ज्या स्मारकात येतात ते एकाचं आणि ज्या घरात डोकावतात ते दुसऱ्याचं.

आणि जमीन तिसऱ्यांचीच. बिग ब्लू नदीच्या खोऱ्यातला हा मुलूख ओटो-मिसूरिया या मूळ रहिवासी लोकांचा. १८५४ च्या करारात त्यांच्याकडून बहुतेक जमीन घेतली गेली. हे उद्यान ज्या गेज काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात आहे, तिच्याच दक्षिणेला त्यांना राखीव प्रदेश दिला, तोही पुढे विकला गेला आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना आजच्या ओक्लाहोमात पाठवण्यात आलं. ‘सरकारी पडीक जमीन’ कुठून आली, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. या कायद्याखाली शेवटी सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. साडेतीन महाराष्ट्र मावतील एवढी. सुमारे १६ लाख दावेदारांच्या नावावर ती लागली.

आता घराची बांधणी. ओंडक्यांची घरं अमेरिकेत आली ती उत्तर युरोपातून. १६३८ नंतर डेलावेअर नदीकाठी वसलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी ती तंत्रं आणली, मागून आलेल्या जर्मनांनी त्यात भर घातली. झाड तोडायचं, सोलायचं, खडूच्या दोरीनं रेष मारायची. रेषेपर्यंत ठिकठिकाणी आडवे घाव घालायचे आणि मग रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनं बाजू तासून काढायची. त्या घावांच्या खुणा लाकडावर राहतात आणि दीडशे वर्षांनी जाणकार त्यावरून हत्यार ओळखतात. बांधणाऱ्यानं फक्त दोनच बाजू तासल्या की चारही, हेही दिसतं.

सगळं कसब कोपऱ्यात. दोन भिंतींचे ओंडके जिथे एकमेकांवर बसतात तिथली खाच घराचं आयुष्य ठरवते. सगळ्यात सोपी म्हणजे अर्धगोल खाच, वरचा ओंडका खालच्यावर खोगिरासारखा बसवायचा. ती झटपट होते, पण त्यात पाणी साठायची भीती. चांगला सुतार तिरपी खाच पाडतो, जिचा उतार बाहेरच्या बाजूला असतो. घराच्या वजनानं ओंडके एकमेकांत घट्ट अडकतात आणि पाणी बाहेर ओघळतं. खिळा एकही लागत नाही. मला विचाराल तर या घरांतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

दोन ओंडक्यांमधल्या फटी भरायच्या त्या दोन थरांत. आत लाकडाच्या ढलप्या किंवा दगड, वरून माती, चुना, भुसा यांचा लेप. हा लेप मुद्दाम हलका आणि मऊ. लाकूड हवेतल्या दमटपणानुसार फुगतं, आकसतं आणि तेही मुख्यतः आडव्या दिशेनं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणजे ओल्या ओंडक्यांची भिंत वाळताना उंचीत काही इंच खाली बसते आणि नंतरही दर ऋतूत थोडी हलते. मऊ लेप तिच्याबरोबर हलतो, तडकतो आणि निखळतो. दर हिवाळ्याआधी बायका-मुलं तो पुन्हा लिंपत. लेप गेला तरी चालेल, ओंडका राहिला पाहिजे, असा तो व्यवहार होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मनातलं चित्र बदलते. नेब्रास्काच्या बऱ्याच भागात झाडं नव्हतीच. जिथे ओढ्याकाठी लाकूड मिळालं तिथे ओंडक्यांची घरं झाली. उरलेल्यांनी गवताळ जमिनीचा मुळांसकट जाड थर नांगरानं पट्ट्यांमध्ये कापला, त्याच्या विटा रचल्या आणि मातीची घरं बांधली. कस्टर काउंटीत सॉलोमन बुचरनं १८८६ पासून अशा घरांसमोर उभ्या कुटुंबांचे फोटो काढले, त्यामुळे ती कशी होती हे तरी दिसतं. घरं मात्र पावसात विरघळून गेली. अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. जे टिकलं ते लाकडाचं, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे लाकडी घरातच राहत होते.

लाकूड टिकतं म्हणजे तरी कशामुळे? लाकूड कुजवणारी बुरशी साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यात वाढत नाही. कोरडं ओक शतकानुशतकं राहतं, तेच ओक ओल्या मातीला टेकलं की काही वर्षांत हातानं चुरता येतं. त्यामुळे अशा घराचा सगळ्यात पहिला बळी म्हणजे तळाचा ओंडका. छपरावरचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडतं, वर्षानुवर्षं माती आणि पालापाचोळा साठून जमिनीची पातळी वर चढते आणि जोत्याच्या दगडांवर अधांतरी असलेला ओंडका हळूहळू मातीत गाडला जातो. वाळवीला रस्ताच मिळतो.

दुसरा शत्रू माणसानं हौसेनं आणला, तो म्हणजे सिमेंट. विसाव्या शतकात असंख्य जुन्या घरांच्या फटी सिमेंटनं भरल्या गेल्या. दर वर्षी लिंपण्याची कटकट गेली असं वाटलं. पण सिमेंट कडक, लाकूड हलणारं. पहिल्याच एक-दोन ऋतूंत दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. पाणी त्या फटीतून आत शिरतं आणि सिमेंटमधून सहज बाहेर सुकत नाही. बाहेरून भिंत ठणठणीत, आत ओंडक्याची वरची बाजू भुसा झालेली. चुन्यात बांधलेल्या आपल्याकडच्या जुन्या वाड्यांवर सिमेंटचा गिलावा मारणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचला तरी हरकत नाही.

तिसरी चूक मला सगळ्यात रंजक वाटते. चारही बाजूंनी तासलेल्या ओंडक्यांची बरीच घरं मुळात उघडी ठेवण्यासाठी नव्हतीच. पैसे आले की लोक बाहेरून फळ्या ठोकत, त्यानं थंडीही अडे आणि इभ्रतही वाढे. पुढे विसाव्या शतकात ‘अस्सल’ ओंडके दिसावेत म्हणून नव्या मालकांनी त्या फळ्या काढून टाकल्या. शंभर वर्षं झाकलेलं लाकूड अचानक ऊन-पावसात आलं आणि झपाट्यानं खराब झालं. हौसेपोटी घराचा रेनकोट काढून घेण्याचा हा प्रकार.

त्यामुळे डागडुजीला आलेला जाणकार माणूस आधी लाकडाला हात लावत नाही. तो पाणी कुठून येतंय ते शोधतो. छप्पर, पन्हळी, घराभोवतीचा उतार, भिंतीला टेकलेली माती, जवळ लावलेली झुडपं. हे नीट केल्याशिवाय नवा ओंडका बसवणं म्हणजे पुन्हा कुजवायला लाकूड देणं. मग भिंतीची तपासणी. हातोडीनं ठोकत जायचं, आवाज बद्द आला की थांबायचं. टोच्या खुपसून बघायचा, किती आत जातो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र टेकवायचं. प्रत्येक ओंडक्याला क्रमांक, प्रत्येक भिंतीचं रेखाचित्र आणि फोटो. काम सुरू होण्याआधीच एक जाड फाईल तयार होते.

तळाचा ओंडका बदलायचा तर घर उचलावं लागतं. जॅक लावून, थोडं थोडं करत, सगळीकडून सारखं. एका कोपऱ्यानं घाई केली की दुसऱ्या कोपऱ्यातली खाच फाटते. ओंडका पूर्ण बदलणं हा शेवटचा उपाय. फक्त बाहेरची बाजू सडली असेल तर तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या लाकडाची खांडकी सांधतात. टोक गेलं असेल तर टोकच जोडतात. इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारं रासायनिक राळ, भरूनही लाकूड घट्ट करता येतं, पण ओलाव्याचं मूळ तसंच ठेवून इपॉक्सी भरली तर ती पाणी आत कोंडून ठेवते. कीड आणि बुरशीवर बोरेटची क्षारं मारतात. ती पाण्यात विरघळतात, म्हणून पावसाचा मारा असलेल्या बाजूला त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

नव्या ओंडक्यावर जुन्या कुऱ्हाडीसारखेच घाव घालायचे, पण न दिसणाऱ्या बाजूला वर्ष कोरून ठेवायचं. लांबून पाहणाऱ्याला ठिगळ खुपू नये आणि जवळून तपासणाऱ्याची फसवणूकही होऊ नये. हा दुहेरी नियम मला फार आवडतो.

आता मूळ प्रश्नाकडे. अमेरिकेत १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यानंतर अशा कामाची शिस्त ठरत गेली आणि गृहखात्याच्या नियमांमध्ये चार वाटा सांगितल्या आहेत. आपल्याकडे गृहखातं म्हणजे पोलीस, तिकडे जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं. पहिली वाट म्हणजे आहे ते आहे तसं टिकवणं, नंतरच्या बदलांसकट. दुसरी, इमारत आजच्या वापरासाठी जुळवून घेणं. तिसरी, एक काळ निवडून त्या काळासारखी करणं, म्हणजे नंतर आलेलं काढणं आणि हरवलेलं पुराव्यानिशी परत बसवणं. चौथी, नष्ट झालेली इमारत नव्यानं उभारणं. बोलताना आपण सरसकट ‘जीर्णोद्धार’ म्हणतो, पण तिसऱ्या आणि पहिल्या वाटेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पामरच्या घराचं बघा. १८६७ निवडलं तर पडवी जाते. पण दहा मुलं वाढवताना जागा पुरेना म्हणून काढलेली पडवी हाच तर त्या संसाराचा सगळ्यात बोलका पुरावा. एपर्ड कुटुंबाची चाळीस वर्षंही त्याच भिंतींमध्ये गेली. त्यांनी मारलेला खिळा काढायचा कोणत्या अधिकारानं? अशा घरांच्या आतल्या भिंतींवर थंडी अडवायला वर्तमानपत्रं चिकटवलेली सापडतात, एकावर एक. खालचा थर बघायचा तर वरचा फाडावा लागतो. माझा कौल बहुतेक वेळा पहिल्या वाटेला आहे. पडवी राहू द्यावी. ‘मूळ रूप’ हे बऱ्याचदा पर्यटकांसाठी निवडलेलं एक वर्ष असतं.

घर हलवण्यानंही काहीतरी कायमचं जातं. क्रमांक घालून उचललं तर ओंडके येतात, पण विहीर, राखेचा खड्डा, अंगणात पडलेली फुटकी भांडी मागे राहतात. वाऱ्याकडे पाठ करून घर का बांधलं होतं, हे नव्या जागी समजत नाही. म्हणूनच ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत हलवलेल्या इमारतींना सहसा जागा मिळत नाही, त्यासाठी खास कारण दाखवावं लागतं. अर्थात न हलवता ओसाड शेतात कोसळू देणं हाही काही शहाणपणाचा पर्याय नाही.

गोष्ट लाकडापेक्षा मोठी झाली की काय होतं, याचा नमुना केंटकीत होजनव्हिलजवळ आहे. लिंकनचा जन्म १८०९ मध्ये जिथे झाला त्या शेतावर एक भव्य संगमरवरी आणि ग्रॅनाइटचं स्मारक आहे आणि त्याच्या आत ओंडक्यांची एक खोपटी. एका व्यापाऱ्यानं १८९० च्या दशकात ती ‘लिंकनचं जन्मघर’ म्हणून मिळवली आणि १८९७ च्या नॅशव्हिल प्रदर्शनात मांडली. शेजारी यादवी युद्धात लिंकनविरुद्ध लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांचं म्हणून आणखी एक लाकडी घर. पुढे साठवणीत दोन्ही घरांचे ओंडके एकमेकांत मिसळले. १९११ मध्ये पूर्ण झालेल्या स्मारकात लोकांना भोवती फिरता यावं म्हणून खोपटी लांबी-रुंदीत कापून लहान केली गेली.

२००४ मध्ये तिच्या ओंडक्यांची वलयं मोजली गेली. समशीतोष्ण हवेत झाड दर वर्षी एक वलय वाढवतं. पावसाचं वर्ष असेल तर रुंद, दुष्काळाचं असेल तर अरुंद. रुंद-अरुंदचा हा क्रम एका परिसरातल्या झाडांमध्ये सारखा येतो, त्यामुळे जिवंत झाडांपासून मागे मागे जात जुन्या लाकडाचं वर्ष ठरवता येतं. ओंडक्यातून पेन्सिलीएवढी सळई काढून हे काम होतं. अट एकच, सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत हवं. तासून चौकोनी केलेल्या ओंडक्यात बाहेरची वलयं उडालेली असतात, तेव्हा झाड ‘या वर्षाआधी तोडलेलं नाही’ एवढंच म्हणता येतं. केंटकीतल्या खोपटीचं सगळ्यात जुनं लाकूड १८४८ च्या आसपासचं निघालं. लिंकन तेव्हा जवळपास चाळिशीचा होता. आता उद्यान खातं तिला ‘प्रतीकात्मक जन्मघर’ म्हणतं आणि ती तशीच जपतं, कारण शंभर वर्षं लोकांनी तिच्यासमोर हात जोडले हाही आता इतिहासच झाला.

होमस्टेड कायदा मात्र लिंकनच्या काळातच संपला असं समजू नका. बहुतेक राज्यांत तो १९७६ मध्ये रद्द झाला, अलास्कात १९८६ पर्यंत चालला. केनेथ डिअरडॉर्फ नावाच्या माणसानं १९७४ मध्ये अलास्कात स्टोनी नदीकाठी ८० एकरांवर दावा केला आणि १९८८ मध्ये त्याच्या हातात कागद पडला. या कायद्याखालचा तो शेवटचा. जमीन कसायला त्यानं वापरलेला ॲलिस-चाल्मर्स ट्रॅक्टर पुढे अलास्कातून नेब्रास्कात आणला गेला आणि तो आता पामरच्या घराच्याच उद्यानात आहे. त्याच्या बाबतीत कुजण्याचा नाही, गंजण्याचा प्रश्न येतो. आणि पुन्हा तोच वाद उभा राहतो : कारखान्यातून निघाला तसा रंगवायचा, की नदीकाठच्या चिखलातून आला तसा ठेवायचा?